दुसऱ्याच्या नावाचं पातेलं

पावसाळ्यातला रविवार आणि पुण्यातला आयटीवाला ह्यांचं समीकरण ठरलेलं आहे. सकाळी सातला निघायचं ठरवायचं, साडेनऊला निघायचं, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालायच्या, खडकवासल्याला गाडीवरची कांदाभजी आणि तिखट-मीठ-लिंबू चोळलेलं कणीस खायचं आणि भिजून घरी. परवा आम्हीही तेच केलं. फक्त परतताना पाऊस इतका वाढला की पुढचं काही दिसेना, म्हणून एका मित्राच्या घरी, सहकारनगरला थांबलो.

मित्राची आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. चार ओले कावळे दारात बघून तिने आधी टॉवेल दिले, मग रागावली, मग पिठलं टाकलं. पिठलं, भाकरी, ठेचा आणि भात. (खडकवासल्याची भजी कुणाच्या पोटात कुठे गेली होती कोण जाणे, आम्ही सगळे पुन्हा जेवलो.) भात होता एका मोठ्या पितळी पातेल्यात. ते पातेलं आजी अजून कल्हई करून वापरतात, आणि कल्हईसाठी नातवाला कसब्यात तांबट आळीत पिटाळतात. मी भात वाढून घेताना सहज काठावर कोरलेलं नाव वाचलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहेच. पण हे आडनाव मित्राचं नव्हतं. म्हटलं आजींच्या माहेरचं असेल. तेही नव्हतं.

"ते आमचं नाहीच," आजी म्हणाल्या. "ते पुरात आलं."

पुढचे दोन तास मी तिथेच बसलो. घरी आल्यावर थोडं वाचलं, थोडं आधी वाचलेलं होतं. त्यातून हे लिहितोय.

पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने ही तारीख लहानपणी इतक्या वेळा ऐकलेली असते की ती ऐकू येईनाशी होते. बाहेरून नोकरीसाठी आलेल्या निम्म्या पुण्याला ती माहीतच नसते. आमच्यातला एकजण नागपूरचा. ज्या भिंतीकडे बघत आपण दोन तासांपूर्वी कणीस खाल्लं, ती भिंत एकदा फुटली होती, हे ऐकून तो हादरलाच.

तर गोष्ट अशी. खडकवासल्याचं दगडी धरण इंग्रजांनी १८७०च्या दशकात बांधलं. शेती आणि पुण्याचं पिण्याचं पाणी ह्या दोन्हीसाठी मुठेवरचं तेवढंच मोठं धरण. पुढे शहर वाढलं, पाणी पुरेना, म्हणून वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतला मातीचं धरण घ्यायचं ठरलं. आपल्या धंद्यातल्या लोकांना पुढचा भाग समजावून सांगायची गरज नाही. रिलीज डेट अलीकडे ओढली गेली. काम पुरतं झालेलं नसताना १९६१च्या पावसाळ्यात धरणात पाणी साठवायला घेतलं. मातीच्या भरावाखालून पाणी बाहेर सोडण्यासाठी जो बंदिस्त मार्ग होता, त्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळयाच घातलेल्या नव्हत्या. जोराचा पाऊस आला, पाणी भराभर चढलं, तो मार्ग खचला आणि त्याच्यावरचा भराव खचायला लागला. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन. आणि प्रॉडक्शनच्या खाली सहा लाख माणसांचं शहर.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान पावसात, अंधारात वाळूची पोती रचत होते. ते धरण वाचवू शकले नाहीत, पण रात्र वाचवली. भिंत गेली ती १२ तारखेला सकाळी. हीच भिंत रात्री दोनला गेली असती तर पेठांमधली माणसं झोपेतच गेली असती. पानशेतचं पाणी खडकवासल्यावर आदळलं, ऐंशी वर्षांपेक्षा जुनी ती दगडी भिंतही फुटली आणि दोन्ही धरणांचं पाणी एकदम पुण्यात शिरलं. डेक्कन, एरंडवणं, कर्वे रोड, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार... बंडगार्डनचा सोडला तर सगळे पूल पाण्याखाली. मृतांचा आकडा साधारण हजार सांगतात, त्यावर वाद आजही आहेत. चौकशी आयोग बसला. आधी न्यायमूर्ती बावडेकर, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक. तो एक वेगळाच आणि बराच काळोखा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

आजी तेव्हा वीस वर्षांच्या, लग्नाला वर्ष झालेलं, शनिवार पेठेत वाड्यात दोन खोल्या. "पाणी आलं, पाणी आलं" असा गलका झाला तेव्हा हातातली कणीक तशीच टाकून सासूबाईंना धरून निघाल्या त्या थेट शुक्रवार पेठेत, सासऱ्यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी. तिथवर पाणी पोचलं नव्हतं. त्यांची त्या घराशी ओळख एका हळदीकुंकवापुरती.

मला वाटलं होतं आता पुराचं वर्णन येणार. पण आजींची त्या दिवसाची पहिली आठवण तहानेची आहे. त्या घरात संध्याकाळपर्यंत चौदा माणसं जमली आणि नळाला पाणी नाही! अर्ध्या शहरात पुरुषभर पाणी आणि प्यायला घोटभर नाही.

कारण उघड आहे, पण मी आजवर त्याचा विचारच केला नव्हता. पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातून यायचं. खडकवासलाच फुटलं. म्हणजे ज्याने शहर बुडवलं, त्यानेच नळही बंद केले. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर ह्याचं ह्याहून स्वच्छ उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

मग शहर प्यायलं काय? टँकर होते, पण ते पुरे पडण्यासारखे नव्हते. उपयोगाला आल्या वाड्यांमधल्या विहिरी आणि पेशव्यांची नळयोजना.

नळयोजनेबद्दल थोडं सांगायलाच हवं. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या आसपास कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. पंप नाही, काही नाही, फक्त उतार. जमिनीखालून दगड-विटांचा बंदिस्त मार्ग, मधे मधे उच्छ्वास म्हणून बांधलेले मनोरे, आणि शहरात ठिकठिकाणी हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद... आज ह्यातली बरीच नावं आपल्यासाठी फक्त चौकांची किंवा रिक्षावाल्याला सांगायच्या खुणांची उरली आहेत. घरोघर नळ आल्यावर हे हौद हळूहळू मागे पडले. अडगळ, डासांची पैदास, बुजवून टाका, अशीच चर्चा. पण १९६१च्या जुलैमध्ये दोनशे वर्षं जुनी ती यंत्रणा उभ्या शहराला पाणी पाजायला पुन्हा कामाला लागली. कारण ती खडकवासल्यावर अवलंबून नव्हती आणि विजेवरही नव्हती. ज्याने कुणी कंजूषपणाने किंवा आळसाने ती तोपर्यंत पूर्ण मोडून टाकली नव्हती, त्याला खरं तर एक पुतळा द्यायला हवा.

शुक्रवार पेठेतल्या त्या घराच्या चौकात विहीर होती. नळ आल्यापासून तिचं पाणी धुण्याभांड्यालाच वापरायचे. दोर नवा आणावा लागला. आळीतल्या पोरांनी दिवसभर पाळीपाळीने पाणी शेंदलं, बायकांनी फडक्याने गाळून उकळलं. उकळायला जळण लागतं, तेही मोजकं. कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह ह्यावरच तेव्हाची स्वयंपाकघरं चालायची. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचा कोळसा भिजलेला, पीठ गेलेलं, धान्य गेलेलं. भिजलेला गहू दोन दिवसांत आंबतो. पूर ओसरल्यावर पेठांमध्ये त्या आंबलेल्या धान्याचा आणि गाळाचा वास कितीतरी दिवस होता म्हणे. म्हणजे पूर आलेल्या भागात चूल पेटणं शक्यच नव्हतं, आणि जेवण यायचं ते फक्त कोरड्या भागातून. पिठलं, भाकरी, पोळ्यांच्या चवडी. भाकरी का, तर ती फडक्यात बांधून नेता येते, सांडत नाही आणि दुसऱ्या दिवशीही खाता येते. पुणेकरांच्या पाहुणचारावरचे 'जेवूनच आला असाल' छापाचे विनोद आपण सगळेच सांगतो (मी तर फारच), पण त्या घरातल्या बाई चौदा माणसांचा स्वयंपाक अडीच महिने करत होत्या. अडीच महिने! माझ्याकडे पाहुणे तिसऱ्या दिवशी वायफायचा पासवर्ड विचारायला लागले की मी अस्वस्थ होतो.

इथे मी आजींना एक प्रश्न विचारला. विहिरीवर सगळ्यांना येऊ देत होते का?

आजी जरा थांबल्या. म्हणाल्या, पहिले दोन दिवस कुणी कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून 'तुम्ही नका शेंदू, आम्ही ओढून देतो' सुरू झालं. कुणाला, हे सगळ्यांना न बोलता कळत होतं. घागर खाली ठेवायची, पाणी वरून ओतायचं. अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरून तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांनी हे काहीही सारवासारव न करता सांगितलं. मग म्हणाल्या, "ओतणाऱ्यांत मी पण होते."

मला हे लिहावं की नाही कळत नव्हतं. त्यांनाच विचारलं, त्या म्हणाल्या लिही, नाव घालू नकोस.

पूर ओसरला तो दुसऱ्या दिवसापर्यंत. वाडे मात्र त्यानंतरही पडत राहिले. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात, पाणी उतरल्यावर आतून फुगलेल्या त्या बसतात. आजी आणि त्यांचे यजमान चिखल उपसायला गेले तेव्हा त्यांच्या खोल्यांची एक भिंत गेली होती. स्वतःची भांडी जवळजवळ सगळी वाहून गेलेली. आणि मोरीत, गाळाने गच्च भरलेलं, हे पातेलं. कुणाच्या तरी घरातून निघून, कुठल्या तरी दारातून आत आलेलं. नाव आहे म्हणजे मालक सापडेल असं वाटलं. चार आळ्यांत विचारलं, नदीकाठाला विचारलं, छावणी लागलेल्या शाळेतही जाऊन आले. त्या आडनावाचं कुणी भेटलं नाही. काय झालं असेल ह्याचे दोनच अर्थ निघतात, आणि आजींनी त्यातला कुठलाच बोलून दाखवला नाही.

शेजारधर्म अडीच महिने पुरला. पुढे काय? पुढे सरकार. पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे ह्या आयसीएस अधिकाऱ्याकडे आलं. पुण्याचा कारभार त्यांनी आधीही पाहिलेला होता, आणि त्यांच्या झपाट्याच्या गोष्टी जुने लोक अजून सांगतात. महापालिकेजवळचा स. गो. बर्वे चौक तो ह्यांच्याच नावाचा. शहराचा नकाशा पुढच्या काही वर्षांत बदलला. पूरग्रस्तांना सहकारी गृहनिर्माण संस्था काढायला सांगून सरकारने भाडेपट्ट्याने जमिनी दिल्या, अशा शंभरावर संस्था झाल्या. सहकारनगरच्या नावातला सहकार तो हा. (मी इतकी वर्षं समजत होतो की कुठल्या तरी सहकारी बँकेची कॉलनी असेल.) दुसरीकडे गोखलेनगरसारख्या ठिकाणी अर्धगोल पत्र्यांच्या निस्सेन हट, तर कुठे 'ओटा स्कीम'. ओटा स्कीम म्हणजे सरकार फक्त जोतं बांधून देणार, वरची भिंत आणि छप्पर तुमचं तुम्ही बघा.

कुणाला प्लॉट, कुणाला पत्रा आणि कुणाला ओटा, हे कसं ठरलं असेल? सोसायटी काढायची तर सभासद जमवायचे, अर्ज लिहायचे, हप्ता भरायचा. ज्याच्याकडे पगार, कागद आणि ओळख होती, तो सोसायटीत गेला. नदीकाठी भाड्याने किंवा झोपडीत राहणाऱ्याकडे आपण तिथे राहत होतो ह्याचा पुरावाच पाण्याबरोबर गेलेला. पूर सगळ्यांच्या घरात सारखाच शिरला होता, बाहेर मात्र तो प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे निघाला. शेजाऱ्यांनी विहिरीवर जी रेघ ओढली, साधारण तीच पुढे नकाशावर उमटली असं मला वाटतं. अर्थात हे माझं मत. सोसायटीवाल्यांचंही सगळं सुखाचं झालं असं नाही, जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुढे अर्धशतकाहून जास्त रेंगाळला. मित्राच्या आजोबांची एक फाईल ह्याच पत्रव्यवहाराने फुगलेली आहे.

आता ह्यातला सगळ्यात विचित्र भाग. पुराला घाबरून मुठेपासून लांब, उंचावर नेलेल्या ह्या सहकारनगरच्या शेजारून आंबिल ओढा वाहतो. हा ओढा येतो कात्रजकडून, म्हणजे ज्या कात्रजच्या पाण्याने १९६१ला शहराची तहान भागवली, तिथूनच. नानासाहेबांच्या काळात ह्याच ओढ्याचा प्रवाह पर्वतीपाशी वळवला होता. त्या कामातून झालेल्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे, आणि ओढ्याच्या जुन्या वाटेवर पेठा वसल्या. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढग कोसळले आणि ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत घुसला. भिंती पडल्या, गाड्या एकमेकांवर चढल्या, त्या पावसात वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्याच्या पात्रात कुणी काय काय बांधलं होतं ते तेव्हा सगळ्या पेपरांत येऊन गेलं. मित्राची सोसायटी उंचावर, वाचली. आजी म्हणाल्या, रात्री आवाज ऐकला आणि ओळखला. अठ्ठावन्न वर्षांनी. त्या रात्री त्यांनी सुनेला उठवून पहिल्यांदा काय करायला लावलं, तर सगळे हंडे-पिंपं पिण्याच्या पाण्याने भरून ठेवायला. घरच्यांना वाटलं आजीला भ्रम झाला.

मला भ्रम नाही वाटला. कारण २५ जुलै २०२४ला मी स्वतः एकता नगरीत होतो. सिंहगड रोडला, नदीकाठी. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकचा विसर्ग, आणि पहाटे लोक उठले तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या तरंगत होत्या. वेळेवर सूचना मिळाली नाही, असं तिथले सगळे सांगत होते. माझा एक सहकारी तिथे राहतो. दुपारी आम्ही सहाजण डबे घेऊन पोचलो. आम्ही इंजिनीअर, त्यामुळे अर्थातच जाण्याआधी शेअर्ड एक्सेल शीट केलं. फ्लॅट नंबर, माणसं किती, जेवणं किती, लहान मुलं आहेत का. व्यवस्थित कॉलम.

गंमत अशी की खिचडी सगळ्यांनीच आणली होती. चार वेगवेगळ्या ग्रुपांची खिचडी, तीन रंगांची, आणि बिस्किटांचे पुडे रचून ठेवलेले. नव्हतं ते प्यायचं पाणी. लाईट बंद म्हणून पंप बंद, बोअर असून उपयोग नाही, खालची टाकी पुराच्या पाण्याने भरलेली. आजींचीच गोष्ट, त्रेसष्ट वर्षांनंतर. फक्त आता दोर टाकायला विहीर नव्हती. आम्ही परत जाऊन वीस लिटरचे जार आणले, चौथ्या मजल्यापर्यंत वाहिले, दोन दिवस पाठ धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका शाळकरी मुलीने विचारलं, "वॉचमनकाकांचं जेवण कुणाकडे?"

वॉचमनची खोली पार्किंगमध्ये. म्हणजे पाणी सगळ्यात आधी शिरलं ते त्यांच्याकडे. नवरा, बायको, दोन मुलं, रात्रभर जिन्यात बसून. लोकांना उठवायला दारं वाजवत फिरले ते हेच काका. आणि आमच्या शीटमध्ये ते नव्हते. त्यांना फ्लॅट नंबर नव्हता ना. पहिल्या दिवशी मी स्वतः त्या जिन्यावरून जार घेऊन सहा वेळा वर-खाली केलं, त्यांच्या बाजूने, 'जरा सरका' म्हणत.

शीटमध्ये एक ओळ वाढवली. फ्लॅट नंबरच्या जागी काय लिहायचं ह्यावर दोन मिनिटं चर्चासुद्धा झाली, हे आठवलं की आजही कसंतरी होतं. त्यांना पोळी-भाजीचा डबा दिला, दोन चादरी दिल्या. साधारण दहा दिवसांनी सहकाऱ्याने ऑफिसमध्ये तो डबा परत आणून दिला. आत लसणीची शेंगदाण्याची चटणी. ताईंनी पाठवली होती, रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून. ज्या बाईचं सगळं धान्य भिजलेलं, तिने शेंगदाणे कुठून आणले असतील, मी विचारलं नाही.

हे सगळं मी परवा आजींना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पाऊस थांबला होता, आम्ही निघालो, तर त्या आतून एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. उरलेलं पिठलं आणि दोन भाकऱ्या. झाकणावर मित्राच्या आजोबांचं नाव, खाली १९६८.

"नाव घातलंय," त्या म्हणाल्या. "परत आण."

डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. रविवारी जाईन. आत काय घालून न्यावं ते अजून ठरत नाहीये, मला धड फक्त खिचडी येते.